थरथर गेलेला कंट्रोलर

"ही काडी परत डावीकडे ओढायला लागली. चाक बिघडलेल्या ट्रॉलीसारखी!"

हे बाबा माझ्याविषयी पुटपुटत होते. मी त्यांच्या हातातच होतो, त्यामुळे ऐकून न ऐकल्यासारखं करायचीही सोय नव्हती. मित्रांनो, मी व्हिडिओ गेम खेळायचा एक जुना कंट्रोलर आहे. माझी डावी काडी, म्हणजे अंगठ्याने फिरवायची छोटी दांडी, आपोआप सरकते, एक बटण चिकटतं आणि पोटातली थरथर तर कधीच बंद पडली. पूर्वी पडद्यावर भूत आलं की मी हातात गुरगुरायचो. आता भूत येतं, जातं. मला काही होत नाही.

कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. हातमोजे घातलेल्या एका बाईने माझी सगळी बटणं दाबून पाहिली, "चालेल" म्हणाली आणि मला खोक्यात झोपवलं. माझं पहिलं कौतुक ते एवढंच.

या घरात मला बाबांच्या थोरल्या मुलीने आणलं. ती आवाज देण्याचं काम करायची. जाहिरातींना, कार्टूनमधल्या प्राण्यांना, आणि मग एका गेममधल्या भुताला. "लोकांच्या मुली डॉक्टर झाल्या, आमची भूत झाली," असं बाबा शेजाऱ्यांना छाती फुगवून सांगायचे.

तो गेम सगळा बोलण्याचा. बंद पडलेल्या टेलिफोन केंद्रात एक मुलगी अडकते आणि तारांमधून एक भूत तिच्याशी बोलतं. त्याने काही विचारलं की पडद्यावर तीन उत्तरं येतात, त्यातलं एक आपण निवडायचं. संध्याकाळी सगळं घर माझ्याभोवती जमायचं. धाकटी भारी चिकित्सक.

"अर्धा वेळ नुसते जिनेच चढतेय ही! कोडी तर पहिलीतल्या पोराने सोडवावीत. आणि ताई, काहीही निवडलं तरी शेवट तोच. मग विचारता कशाला?"

"आई रोज विचारते, भाजी कोणती करू? आणि करते तिच्या मनातलीच. तिला विचारतेस का कधी, कशाला विचारतेस म्हणून?"

आई हातातला टॉवेल थोरलीवर फेकायची.

"बोलणं मात्र खऱ्यासारखं हं," बाबा म्हणायचे. "एकमेकांना मधेच तोडतात, मधेच गप्प बसतात. आपल्याच घरात येऊन रेकॉर्ड केल्यासारखं."

मग एका हिवाळ्यात थोरलीला दवाखान्यात नेलं. तिच्या चपला तेवढ्या दारात राहिल्या. त्या कोणी उचलल्या नाहीत.

आईने मला कधी हात लावला नव्हता. एक दिवस ती धाकटीला म्हणाली, "हे कसं धरायचं, दाखव गं." तेव्हापासून रोज तेच चाललंय. आईला गेममधले जिने चढायला जमत नाही, म्हणून बाबा माझ्या ओढणाऱ्या काडीशी झटापट करत तिला शेवटच्या संवादापर्यंत आणून सोडतात आणि मला तिच्या हातात देतात. तिथे थोरलीचं भूत विचारतं, "मी लाइन सोडू का?" खाली तीन उत्तरं. कुठलंही निवडलं तरी लाइन तुटते आणि गेम संपतो. आई एकही निवडत नाही. गप्प राहिलं की भूत थोडं थांबून म्हणतं, "बोल ना. ऐकतेय मी." आई तेवढं ऐकते. पुन्हा ऐकते. ताटातलं अन्न गार होतं. फोन वाजून वाजून थांबतो.

मित्रांनो, वापरून झिजलो तर त्याचं मला काही वाटत नाही. पण नुसतं धरून ठेवलं आणि एकही बटण दाबलं नाही, तर आपण कशासाठी आहोत तेच मी विसरून जातो. म्हणून सांगतो, मला पुसा, दुरुस्तीला न्या, आणि कधीतरी खालीही ठेवा.

काल धाकटी भरलेली बॅग घेऊन आईशेजारी येऊन बसली. तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली आहे.

"आई, उद्या निघतेय मी."

"हं."

"जाड चादर नेऊ का पातळ?"

"हं."

"आई, मला भीती वाटतेय तिकडे एकटीला."

आईचे गार अंगठे माझ्यावर तसेच होते. धाकटी बॅगेची चेन उघडत होती, लावत होती.

"बोल ना," पडद्यावरून आवाज आला. "ऐकतेय मी."

बाबा उठले. त्यांनी मला आईच्या हातातून अलगद सोडवून घेतलं. या वेळी काडीबद्दल ते काही बोलले नाहीत.

"ती नाही ऐकत गं," ते आईला म्हणाले. "ती गेली. ऐकणारी ही इथे बसलीय."