लोक मला पाहून हात जोडायचे

मी एक लांब गाडी आहे. किती लांब, हे मला पहिल्यांदा पाहणारा माणूस तोंडाने सांगत नाही. तो थांबतो, डोक्यावरची टोपी काढतो आणि हात जोडतो. मग शेजाऱ्याला हळूच विचारतो, "कोन गेलं?"

कोणी गेलेलं नसतं. माझा मालक मुखरू बाजारातून टमाटे घेऊन येत असतो.

माझी घडणच तशी. पुढून मी चारचौघींसारखी. पण इतर गाड्या जिथे डिकीचं झाकण लावून संपतात, तिथून माझं छप्पर तसंच मागे चालत जातं. बाजूला लांब काचा आणि शेवटी वर उचलायचा दरवाजा. मला स्टेशन वॅगन म्हणतात. आमच्या गावाला स्टेशन नाही, त्यामुळे इथे कोणी म्हणत नाही. त्यात रंग पांढरा. कारखान्यात रंग ठरवणाऱ्याने जरा विचार करायला हवा होता.

माझे पहिले मालक भद्रावतीच्या आयुध निर्माणी वसाहतीतले एक साहेब. सुट्टीत तंबू, कुत्रा, पोरंबाळं असं सगळं घेऊन हिंडायचं म्हणून त्यांनी मला घेतलं. वसाहतीने पहिल्याच आठवड्यात माझं नाव 'स्वर्गरथ' ठेवलं. बाईसाहेबांनी मला क्वार्टरच्या पुढे उभं करायला बंदी घातली. साहेबांचं माझ्यावर प्रेम होतं, नाही असं नाही. पण ते प्रेम क्वार्टरच्या मागे उभं असायचं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मला विकायला काढलं. मोबाइलवर फोटो टाकला तो पुढून काढलेला. आरमोरीच्या पलीकडे राहणाऱ्या मुखरूने तो फोटो पाहिला आणि मला घेतलं.

मुखरू ढिवर. तलावात मासे धरायचे आणि पावसाळ्यात जंगलात रेशमाचा कोसा पिकवायचा, हा त्याचा घरचा धंदा. मी अंगणात शिरले तेव्हा त्याची बायको गुणाबाई माझ्याभोवती एक चक्कर मारून आली.

"पुढूनच पाह्यली?" तिने विचारलं.

"फोटोत तेवढीच होती."

"सोयरीक बी तुमी अशीच केली होती." मग ती माझ्या मागच्या दरवाजाकडे बघत म्हणाली, "मी या गाडीत एकदाच बसीन. तवा मले समजनार नाई."

आणि खरंच, ती बसली नाही. आरमोरीला जायचं तर ती बसची वाट पाहत उभी राहायची, आणि मी तिच्या समोरून रिकामी जायचे.

कोशाचं थोडं सांगायला हवं. जंगलातल्या ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या वाढतात आणि कोश विणतात. त्यातले चांगले कोश बीज म्हणून घरात उन्हाळाभर जपून ठेवायचे. पावसाची हवा लागली की त्यातून पाखरं निघतात, त्यांचे जोडे लागतात, अंडी होतात, आणि पुन्हा अळ्या. यंदा उन्हाळा असा तापला की मुखरूने एकेक कोश कानाशी धरून हलवला तर आत वाळलेलं खुळखुळलं. सगळं बीज मेलं होतं. बीज नाही म्हणजे पीक नाही. मुखरूच्याच नाही, मोहल्ल्यातल्या कोणाच्याच घरी नाही, आणि गुणाबाईच्या हाताला कातायला धागा नाही.

सावली गावच्या सोयऱ्याकडे जास्तीचे बीजकोश होते. ते लगेच आणायचे होते. बसमध्ये पोत्यात घातले तर चेंगरतात. उघड्या गाडीत उन्हाने भाजतात. बंद डिकीत गुदमरतात. आणि गावातल्या पिकअप खताच्या पोत्यांमागे धावत होत्या. उरले मी.

पण मध्ये पत्रूभाऊ होते. मोहल्ल्यातले सगळ्यांत जुने कोसावाले. कोशाचे नियम त्यांच्याइतके कोणी पाळत नाही. पीक निघेपर्यंत दाढी करायची नाही, मासळीला शिवायचं नाही, एक वेळ जेवायचं, सुतकातल्या माणसाची सावली पडू द्यायची नाही, आणि झाडांजवळ बायकांनी यायचं नाही.

"बायकाईनं येऊ नये," गुणाबाई म्हणायची, "अन् मंग कोसा कातते कोन? वांदरं?"

पत्रूभाऊंनी मला पाहिलं आणि मान फिरवली. "मयतीच्या गाडीत बीज?"

"मयतीची नाई भाऊ, नुसती तशी दिसते."

"दिसते काऊन मंग?"

"मंग डोक्यावर आना तुमी," मुखरू वैतागून म्हणाला.

शेवटी पत्रूभाऊ नजर ठेवायला सोबत निघाले. निघण्याआधी त्यांनी माझ्यावर गोमूत्र शिंपडलं. बाहेरून, आतून, स्टिअरिंगवरही. आणि पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसले, जणू खाली गटार वाहतंय.

सावलीला कोशांचे हार करून ठेवलेले होते. बीज असंच टांगून ठेवतात, म्हणजे पाखरू निघालं की लटकून पंख पसरायला त्याला जागा मिळते. मुखरूने माझ्या आत दारांवरच्या धरायच्या कड्यांना दोर बांधला आणि हार ओळीने टांगले. मग तो दोन पावलं मागे सरला आणि आपण काय केलंय ते त्याला दिसलं. लांब पांढरी गाडी, आणि काचेआड हारच हार.

पत्रूभाऊ म्हणाले, "आता उदबत्ती तेवढी राह्यली."

परतीचा रस्ता आम्हाला मोकळाच मिळाला. ट्रक बाजूला झाले. एका हवालदाराने टोपी काढली. मुखरू खाली बघून गाडी चालवत राहिला.

पण पुढे पाऊस होऊन गेला होता. नाल्याच्या पुलावरून पाणी वाहत होतं आणि गाड्यांची रांग लागली होती. दमट हवेत आम्ही उभे राहिलो. दुपार कलू लागली, आणि मागे काहीतरी फडफडलं.

"मुखरू," पत्रूभाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "निघून राह्यले."

एक पाखरू, मग दुसरं. तळहाताएवढी, भुऱ्या पंखांवर डोळ्यासारखे ठिपके. सांजेला जोडे लागणार होते. जोडे लागले की गाडी हलवायची नाही. धक्क्याने सुटले तर अंडी वाया. त्याआधी घर गाठायचं होतं, आणि रांग हलत नव्हती.

पाणी ओसरलं तसा काठीवाला एक माणूस एकेक गाडी सोडू लागला. त्याने मला पाहिलं आणि हात जोडले. "आधी मयत जाऊ द्या रे!"

पुढच्या गाड्या लगेच कडेला झाल्या. मुखरूने चेहरा पाडला आणि गिअर टाकला. कोणालाही सुचेल तेच त्याला सुचलं होतं.

"थांब," पत्रूभाऊ म्हणाले. "जित्या बीजाले मयत म्हनू?"

ते खाली उतरले. वाढलेली दाढी पाहून लोकांना ते दुःखात आहेत असंच वाटलं. काठीवाल्याने विचारलं, "कोन होतं भाऊ तुमचं?"

"मयत नाई हे."

"मंग मंदी काय हाय?"

पत्रूभाऊंनी माझ्या काचेकडे बोट केलं. मला स्वर्गरथ मानणारा हा माणूस, त्याच्याच तोंडून निघालं, "बाळंतपन."

माणसं काचेला येऊन चिकटली. कोणी हसलं नाही. कोशातून अर्धं बाहेर आलेलं एक पाखरू ओले पंख ओढत होतं. काठीवाला ते पूर्ण निघेपर्यंत बघत राहिला. मग म्हणाला, "मेलेल्याले घाई नसते भाऊ. याईले हाय. जाऊ द्या आधी."

उजेड असताना आम्ही पोहोचलो. हार उतरवायला वेळ मिळाला नाही. जोडे माझ्यातच लागले. दुसऱ्या दिवशी सांजेपर्यंत मी अंगणात हलले नाही, आणि पत्रूभाऊ माझ्या चाकाशी बसून कोंबड्या हाकलत राहिले.

दिवाळीला ऐनाच्या झाडांवर कोश लागले.

तेव्हापासून मला कळलंय की माणूस गाडी पुढून बघून घेतो, पण जीव लावतो तो मागून. त्यासाठी आधी त्याच्याकडे दुसरीकडे कुठेच न मावणारं काहीतरी असावं लागतं.

आता माझे दिवस बरे आहेत, म्हणजे फारच सोवळे आहेत. पत्रूभाऊंच्या हुकमाने माझ्यात चपला घालून बसायचं नाही आणि मासळी चढवायची नाही. ढिवराच्या घरची गाडी मी, पण मासे जातात सायकलवर आणि मी सावलीत उभी. मागचा दरवाजा वर टिकत नाही, त्याला बांबू लावावा लागतो. माझी तक्रार नाही.

विनंती एकच. रस्त्यात भेटले तर लगेच हात जोडू नका. आधी आत डोकावा.

सवय मात्र कुठे लवकर जाते? परवा चौकात एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला. "कोन गेलं?"

पुढच्या सीटवर धाग्याच्या लडी मांडीवर घेऊन बसलेल्या गुणाबाईने काच खाली केली.

"मी चालली," ती म्हणाली. "आरमोरीले."