सालईचं खोड

धावडा गावाच्या वरच्या जंगलात कचरू वनमजूर होता. त्याच्या रोजच्या वाटेवर सालईचं एक पडलेलं खोड होतं. त्यावर बसून तो तंबाखू मळायचा, बाकी त्याचं त्या खोडाशी काही देणंघेणं नव्हतं. मग गावातल्या बदरोद्दीन टेलरची मुलगी गजाला दर रविवारी तिथं यायला लागली. भोकरदनच्या कॉलेजात शिकत होती. खोडावरच्या बुरशीचा अभ्यास करायची.

"मामा, हे लाकूड मेलेलं न्हाई. बघा तरी," ती म्हणायची.

हळूहळू कचरूही उकिडवा बसून बघू लागला. कानाच्या पाळीसारखी करडी बुरशी, नखाएवढ्या नारिंगी छत्र्या, गोगलगायी. एकदा तिनं साल अलगद उचलून घोण दाखवली, वीतभर लांब गोमच. अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली.

"पिल्लं निघंपर्यंत हलणार न्हाई ती."

कचरूनं आजवर दिसेल ती घोण ठेचली होती. त्या दिवशी तो बघतच राहिला.

गजाला परीक्षेला गेली आणि इकडं वनखात्याच्या साहेबांची फेरी ठरली. गार्ड म्हणाला, "वाट साफ पायजे. ते खोड फोडून टाक."

आत घोण अंड्यांवर बसलीय, हे कचरूच्या अगदी ओठांवर आलं. पण चार माणसांत हसू झालं असतं. "बरं," म्हणून त्यानं कुऱ्हाड उचलली. साल सुटली, तरी घोण अंडी सोडून पळाली नाही. त्यानं तोंड फिरवून पुढचा घाव घातला. तुकडे खालच्या नाल्यात, उन्हात लोटून दिले.

गजाला आली आणि मोकळ्या वाटेकडं बघत राहिली. "मामा, कुणी केलं?"

"लाकूडतोडे आल्ते. समदं घेऊन गेले."

"तुमालाबी वाईट वाटलं असंल," ती म्हणाली आणि वही पिशवीत घालून उतरून गेली.

पुढं तिला जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात काम लागलं. कचरूला मात्र जेवण गोड लागेना. चार महिन्यांनी तो बदरोद्दीनच्या दुकानात गेला आणि म्हणाला, "पोरीला फोन लावून दे."

"गजाला, ते खोड मीच फोडलं. तुकडे नाल्यात टाकल्ते."



"तवाच सांगितलं असतं ना मामा," ती म्हणाली, "तर सावलीत नेऊन ठेवले असते आपण. बरंच काही जगलं असतं."

कचरूनं फोन बदरोद्दीनच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी तो नाल्यात उतरला. एकेक तुकडा उलटा करून बघितला. सगळे खडखडीत वाळले होते.