चौथं बटण

हिरवी टिकली बटणाच्या टोकावर नीट बसेना — बोटालाच चिकटून परत यायची — मग पारमितानं ती नखानं सोडवली, दाबून बसवली, आणि तिच्या समोर, शाळेच्या नव्या साउंड मिक्सरच्या काळ्या पत्र्यावर, दुसरी हिरवी टिकली लावली. टिकलीपुढे टिकली आली की थांबायचं. हिरवी पाहुण्यांच्या माईकची, लाल मुलांच्या माईकची, पिवळी मोबाईलवरच्या गाण्यांची. वाचायचं काही नाही, लक्षात ठेवायचं काही नाही. 'कुणालाही चालवता येईल असं बसवून दे,' असं मुख्याध्यापिका मंगलबाई फोनवर म्हणाल्या होत्या, आणि बेळगावहून निपाणीला येताना बसमध्ये, पार संकेश्वर मागे पडेपर्यंत, तो एकच शब्द तिच्या डोक्यात घोळत राहिला होता... कुणालाही. म्हणजे आप्पांवाचून अडणार नाही असं. आणि ते मीच करून द्यायचं.

आप्पा, म्हणजे तिचे वडील, शाळेचे प्रेमानंद सर, इथं चित्रकला शिकवायचे आणि गॅदरिंगला स्टेजच्या कोपऱ्यात टेबल टाकून ॲम्प्लिफायरपाशी बसायचे. निवृत्तीनंतरही त्या दिवशी त्यांनाच बोलावणं यायचं. माईक तपासताना ते एक-दोन-तीन म्हणायचे, आणि पाहुणे कानडी साहेब असले तर ओंदु-एरडु-मूरु. दुसऱ्या कुणाला त्या यंत्राला हात लावायची परवानगी नव्हती. दिवाळीच्या आधी ते गेले. जुना ॲम्प्लिफायर आता टेबलाखाली, खोक्यात, तोंड भिंतीकडे करून ठेवलेला होता. तिनंच तसा ठेवला होता.

राहिलं चौथं बटण. मिक्सर चार बटणांचा आणि जोडायच्या गोष्टी तीनच, त्यामुळे त्याच्या पाठीमागे काहीच नव्हतं. सोप्या यंत्रात असं फिरवून काही न होणारं बटण ठेवू नये, कुणीतरी गोंधळणार... ओढून काढावं आणि वर चिकटपट्टी मारावी, एवढंच काम. तिनं ते चिमटीत धरलं — आणि मनगट आपोआप वळलं.

आप्पांच्या यंत्रावरचं डावीकडचं बटणही असंच होतं. त्याची आतली तार त्यांनी स्वतःच कापली होती. बोलायला उभा राहिलेला प्रत्येक पाहुणा दोन वाक्यांनंतर त्यांच्याकडे बघून तळहात वर हलवायचा, आवाज वाढवा म्हणून. आणि वाढवला की कर्णे शिट्टी मारायचे. मग आप्पा गंभीर चेहऱ्यानं ते डावीकडचं बटण फिरवायचे. पाहुणा मान डोलवायचा, आता बरं येतंय. रात्री जेवताना आप्पा हसायचे. 'हात हललेला दिसला की झालं बघ,' म्हणायचे. ती खूप लहान होती तेव्हा तिला वाटायचं, जगात हे फक्त आम्हा दोघांनाच ठाऊक आहे.

दवाखान्यात भिंतीवर ऑक्सिजनचं बटण होतं, त्याच्या वर काचेची नळी, नळीत तरंगणारी गोळी. यापुढे वाढवायचं नाही, जास्त दिला तर त्रासच होईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि आप्पांनी तळहात वर हलवला... अगदी त्या पाहुण्यांसारखा. बोलण्याइतका दम नव्हता. ती उठली, बटणावर बोटं ठेवली, आणि बटण जिथल्या तिथं ठेवून नुसतं मनगट वळवलं. आप्पा बघत होते. तिच्या हाताकडे बघत होते, गोळीकडे नव्हे. मग त्यांनी डोळे मिटले. 'आता बरं वाटतंय,' कसंबसं पुटपुटले. ओठ जरासा हलला — हसले, की नाकातल्या नळीनं ओढला गेला... जन्मभर हेच करणाऱ्या माणसाला ते कळलं नसेल? त्यांना मी फसवलं, की त्यांनी मला? एवढंच तिला समजून घ्यायचं होतं, आणि ज्याला विचारायचं तोच माणूस नव्हता.

"पारू, मी बोलून बघू काय गं?" मंगलबाई स्टेजवर चढल्या होत्या. त्यांनी हिरवी टिकली स्वतःच हिरवीपुढे आणून ठेवली होती आणि त्या खूश होत्या. "हॅलो. हॅलो. बसा रे पोरांनो." पटांगणात कुणीच नव्हतं. मग त्यांनी तळहात वर हलवला. "जरा कमी येतंय न्हाय?"

कमी येत नव्हतं. पारमितानं चौथं बटण फिरवलं.

"हां, आता बरं येतंय." मंगलबाई हसू लागल्या. माईक तसाच तोंडाशी असल्यामुळे ते हसू रिकाम्या पटांगणावर पसरलं. "अगदी सरांसारखं केलंस बघ. ते डावीकडलं फिरवायचे."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सगळ्या शाळेला ठाऊक होतं गं. आम्ही काय येडी हाय? पाहुणं बी दरसालचंच की, त्यास्नी कळत न्हवतं व्हय?"

"मग ते 'बरं येतंय' का म्हणायचे?"

"आता सर एवढं मनापासनं फिरवायचे," त्या माईक स्टँडवर ठेवत म्हणाल्या, "त्यास्नी न्हाय कसं म्हणायचं?" आणि पायऱ्या उतरून, हारवाला अजून आला नाही म्हणून करवादत, ऑफिसकडे गेल्या.

कर्णे नुसते घुमत राहिले. पारमिता खुर्चीवर बसली. आता बरं वाटतंय — हे वाक्य तिनं आजवर खोटं बोलून मिळवलेल्या वस्तूसारखं जपलं होतं. ते आप्पांनी आपणहून दिलेलं असू शकतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि दिलेलं असेल, तर मग दम तेवढाच लागत होता, छाती तशीच भरून येत होती, आणि ते डोळे मिटून पडून राहिले होते... माझा हात हलला होता म्हणून. यात समाधान कुठलं? पण मघाची टोचणीही आता पूर्वीच्या जागी नव्हती. थोडी सरकली होती. कुठं, ते तिला सांगता आलं नसतं.

पाकिटात काळ्या टिकल्या उरल्या होत्या. तिनं चौथं बटण काढलं नाही. त्याच्या टोकावर एक काळी टिकली लावली, दुसरी बोटावर घेतली, आणि पत्र्यावर लावायला गेली तर कुठं थांबायचं ते ठरेना. तिनं बटण डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवलं, अगदी शेवटपर्यंत, कान देऊन. टिकली बोटावरच राहिली.