मागची कड

अर्पिताला बी.एस्सी.ला फर्स्ट क्लास होता; पण आपल्याला साधं खोकं काढता येत नाही, हे तिला एकोणतिसाव्या वर्षी मंठ्यात कळलं. कळवलं कारभारी मिस्त्रींनी. त्यांच्या फर्निचरच्या दुकानात गिऱ्हाइकाला कपाटाचं चित्र काढून दाखवायला माणूस पाहिजे होतं. अर्पिताला ते काम हवंच होतं. लेक अंतरा बालवाडीत जायला लागली होती, आणि फाटकाबाहेर चार तास उभं राहिल्यानं तिच्या अभ्यासात काडीची भर पडत नाही, हे आठवडाभर उभं राहिल्यावर आईच्या ध्यानात आलं होतं.

"मला ड्रॉइंग येतं," तिनं ठोकून दिलं. शाळेत एक मोर काढला होता, त्याच्या जिवावर.

मिस्त्रींनी समोर खोकं ठेवलं. तिनं काढलेलं त्यांनी उभं धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं. "ताई, हे अंगावर येऊन राह्यलं की." मग त्यांनी कागदावरच्या खोक्याच्या वरच्या-खालच्या कडांवर दोन दोरे ताणले. "लांब जाताना रेघा जवळ याव्या लागतात. तुमच्या तर भाऊबंदकी झाल्यासारख्या फाकल्या. शनिवारी गिऱ्हाइकासमोर काढा. बराबर जमलं तर काम तुमचं, न्हाई तर दुसरं माणूस बघतो."

मग रोज पन्नास खोकी. कॅलेंडरच्या पाठीवर, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर. सासूबाई, गिरिजाबाई, डाळ निवडता निवडता डोकावायच्या.

"हा डबा पडल्ता का गं?"

"आई, ते कपाट आहे."

"मंग साड्या नको ठेवू त्याच्यात. घसरतील."

रोज सकाळी अंतराला सोडून ती कागद घेऊन दुकानात जायची. मिस्त्री दोरे ताणायचे आणि निकाल तोच: "पुढचं झकास. मागची कड मोठी." तिनं पेन्सिल बदलली. मग डोळे तपासून आली. डोळे ठणठणीत निघाले, याचं तिला वाईटच वाटलं.

शुक्रवारी मिस्त्रींनी विचारलं, "ही मागची कड एवढी उचलून का काढता तुम्ही?"

"दिसायला नको? मागं काय आहे ते?"

"काय असणार मागं?"

अर्पिताकडे यादी तयार होती: विंचू, उघडा प्लग, अंतरा. पण ती ओठांवर आल्यावर शहाण्या बाईची वाटेना, म्हणून तिनं पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

"उभ्या आहात तिथून दिसतं तेवढंच काढा," मिस्त्री म्हणाले. "मागचं कपाट बघून घेईल."

त्या दुपारी तिनं कागदाच्या कडेला एक ठिपका दिला आणि मागं जाणाऱ्या सगळ्या रेघा त्याच्याकडे धाडल्या. गिरिजाबाईंनी मान हलवली. "आता डबा वाटतो. रिकामा आहे, पण डबा आहे."

शनिवारी बालवाडीला सुट्टी, म्हणून अंतरा बरोबर. गिऱ्हाईक होत्या केदारखेड्याच्या उषाबाई. त्यांना ओट्याखाली कपाट करायचं होतं. अर्पितानं पेन्सिल टेकवली आणि तेवढ्यात अंतरा प्लायवूडच्या थप्पीकडे निघाली. आईचा एक डोळा तिकडे. मागची रेघ लगेच वर चढली. या वेळी दोरे ताणायच्या आधीच अर्पिताला ते दिसलं. तिनं ती खोडली.

"अंतरा, काकांच्या स्टुलावर बस. मी सांगेपर्यंत उठायचं नाही."

आणि ती कागदाकडे वळली. चार रेघा होईपर्यंत तिनं मान वर केली नाही. लग्नाच्या होमासमोरही ती इतकी घामाघूम झाली नव्हती.

उषाबाईंनी कागद हातात घेतला. "खोली हातभर धरली ना? मावतील मंग माझे डबे. बिलकुल असंच करा."

मिस्त्रींनी दोरे ताणले, पाहिले आणि परत गुंडाळून ठेवले. "सोमवारी साडेनऊला या."

अर्पिता हो म्हणाली आणि वळून पाहते, तर अंतरा स्टुलावर बसून उषाबाईंनी दिलेलं बिस्कीट खात होती. अनोळखी बाईंनी दिलेलं. अर्पितानं स्वतःला आवरलं, उषाबाईंना हसून नमस्कार केला, लेकीचा हात धरून रस्त्यावर आली, आणि घर येईपर्यंत त्या बिस्किटाची चव कशी होती, हे तिला फक्त चार वेळा विचारलं.