कच्चा अंतरा

भालचंद्र रिसबुडांनी ते भाषण अकरा वेळा लिहून फाडलं आणि बाराव्या वेळी फुलस्केप कागदावर, सेक्शन ऑफिसरच्या ठसठशीत अक्षरात उतरवून काढलं. वाचायचं होतं त्यांच्या बायकोने, कुमुदने. सत्कारही तिचाच होता. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सदनात दिल्लीतल्या मराठी मंडळींनी 'जयंत-कुमुद' या जुन्या संगीतकार जोडीपैकी हयात असलेल्या कुमुदचा सत्कार ठेवला होता. निमंत्रणपत्रिकेवर भालचंद्रांचं नाव भिंग घेऊनही सापडलं नसतं.

आता हा उलटा कारभार कसा झाला ते ऐका. जयंत हा भालचंद्रांचा धाकटा भाऊ. तो मुंबईत वादक जमवायचा, स्टुडिओ सांभाळायचा, निर्मात्यांचे उंबरे झिजवायचा. चाली करायचे भालचंद्र, दिल्लीत, सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये, पेटीवर. आणि ट्रंककॉलच्या तीन मिनिटांत त्या भावाला गाऊन दाखवायचे. पण सरकारी नोकराला परवानगीशिवाय बाहेरचं काम करता येत नाही. त्यांनी रीतसर अर्ज केला. तो टेबलाटेबलावरून हिंडला आणि 'विचाराधीन' असा शेरा घेऊन एका कपाटात झोपला. पहिल्या सिनेमाची पोस्टरं छापायला निघाली तेव्हा भालचंद्र म्हणाले, "घाला कुमुदचं नाव. परवानगी आली की बदलू."

परवानगी आलीच नाही. सात सिनेमे झाले, चोवीस गाणी झाली, जोडी मोडली, भालचंद्र निवृत्त होऊन नोएडात राहायला आले, जयंत वारला, तरी नाव कुमुदचंच राहिलं. मधे त्यांनी एका मासिकाला खुलाशाचं लांबलचक पत्र पाठवलं होतं. मासिकाने त्यातलं एकच वाक्य छापलं: 'कुमुदताईंना पतीचेही मार्गदर्शन लाभले.' तेव्हा त्यांच्या अंगाचा जो तिळपापड झाला, तो अजून शमला नव्हता. आयत्या बिळावर नागोबा, असं ते बायकोकडे बघून मनातल्या मनात म्हणत, आणि मग स्वतःलाच लाजत. बीळ त्यांनीच तर तिला दिलं होतं.

"तू मंचावरून सांग," ते म्हणाले. "तुझ्या तोंडून आलं तरच लोक मानतील."

"सांगते की. मी कधी नाही म्हटलंय?" कुमुदने चष्मा लावून कागद वाचला. एका जागी तिचं बोट थांबलं. "सगळी चोवीस?"

"चोवीसच झाली ना?"

"झाली चोवीस," ती म्हणाली, आणि कागदाची घडी करून तिने पर्समध्ये ठेवली.

खरं तर भालचंद्रांची तेवीस होती. एकदा ते ऑफिसच्या टूरवर शिलाँगला गेले असताना शेजाऱ्यांकडे जयंतचा ट्रंककॉल आला होता: परवा रेकॉर्डिंग, मुलीच्या बिदाईचं गाणं, आणि चालीचा पत्ता नाही. कुमुद दुपारभर पेटीवर बसली आणि संध्याकाळी तिने फोनवर चाल गाऊन दाखवली. तीन मिनिटं उलटून गेली तरी ऑपरेटरने लाइन तोडली नाही, म्हणे. भालचंद्र परतले तोवर गाणं रेकॉर्ड होऊन गेलं होतं. त्यांनी ते ऐकलं आणि म्हणाले, "मुखडा ठीक आहे. अंतरा कच्चा आहे."

त्यानंतर कुमुदने पेटीला हात लावला नाही. पुढे बाकीची तेवीस गाणी लोक विसरले. ते बिदाईचं मात्र दर लग्नसराईत दिल्लीभर बँडवाले वाजवतात. तेवढं एक सोडायचं भालचंद्रांच्या जिवावर आलं. ते सोडलं तर उरतं काय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

हॉल भरला होता. शाल झाली, श्रीफळ झालं आणि कुमुद माइकपुढे उभी राहिली. तिने कागद शब्दन् शब्द वाचला. "या सात चित्रपटांतल्या चोवीसच्या चोवीस गाण्यांच्या चाली माझे पती भालचंद्र यांच्या आहेत. माझं फक्त नाव होतं." तिचा आवाज कुठे अडखळला नाही. अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. पंचेचाळीस वर्षं ज्या टाळ्यांसाठी भालचंद्र जळत होते, त्या ह्याच. त्यांचे डोळे भरून आले.

सूत्रसंचालन करणारी सुहासिनी दिल्लीतच वाढलेली पोरगी. ती धावतच त्यांना मंचावर घेऊन आली. "काका! म्हणजे ते बिदाईवालं गाणं तुमचं? यार, माझ्या लग्नात मम्मी इतकी रडली होती त्याच्यावर! काय म्हणू मी तुम्हाला!"

"माझी बरीच आहेत," भालचंद्र माइकमध्ये म्हणाले. "तिसऱ्या सिनेमात एक भैरवी होती..." आणि त्यांनी मुखडा गुणगुणला. लोकांनी सभ्यपणे ऐकून घेतला.

"अच्छा, अच्छा! पण काका, आता ते बिदाईवालं, प्लीज!"

"बिदाईवालं! बिदाईवालं!" मागून ओरडा सुरू झाला.

तेवीस लेकरं दाराबाहेर उभी होती आणि दुसऱ्याचं पोर भालचंद्रांच्या मांडीवर आणून बसवलं जात होतं. त्यांना ते सहन होईना. "ते गाणं कुमुदचं आहे," ते म्हणाले.

हॉलमध्ये हसू पसरलं. "कित्ती स्वीट!" सुहासिनी म्हणाली.

"अहो, खरंच! मी तेव्हा शिलाँगला होतो!"

आता तर लोक पोट धरून हसले. पहिल्या रांगेतले एक आजोबा उठून म्हणाले, "वा! याला म्हणतात मोठेपण!" भालचंद्रांनी काकुळतीने बायकोकडे पाहिलं. सांग ना गं, एवढं तरी सांग. कुमुदने खांद्यावरची शाल सावरली, माइक जवळ ओढला आणि हसून म्हणाली, "ह्यांचा स्वभावच असा आहे." टाळ्या पुन्हा कडाडल्या.

परतीची टॅक्सी यमुनेच्या पुलावर आली. शेवटी भालचंद्रांना राहवेना. "मी खरं सांगत होतो तेव्हा तू का नाही बोललीस?"

"तुम्ही लिहिलं होतंत ते वाचलं."

"चुकलं माझं. तेवीस लिहायला हवं होतं. पण ते गाणं तुझं होतं, कुमुद. सगळ्यांत चांगलं तेच होतं."

कुमुद खिडकीबाहेर बघत होती. हे वाक्य तिला शिलाँगहून परतलेल्या माणसाकडून हवं होतं.

"अंतरा कच्चा आहे म्हणाला होतात," ती म्हणाली. "पंचेचाळीस वर्षं तो कच्चा अंतरा माझ्या नावावर होता. आता तुमच्या नावावर राहू दे."