आईबाबा हरवले आहेत

आमच्या गावच्या आनंदमेळ्यात बघण्यासारखं काहीही नाही, आणि ते बघायला सगळं गाव दरवर्षी जातं. आरसेमहालातले आरसे फुटत फुटत आता दोन उरलेत. एकात माणूस जाड दिसतो, दुसऱ्यात जसा आहे तसा. लोक दुसऱ्यावर जास्त चिडतात. भुताच्या घरातलं भूत खोकतं. पाळणा वर गेला की मधेच अडकतो, आणि पाळणेवाला खालून ओरडतो, "खा जरा हवा!" रिंग टाकून कढई जिंकायचा एक स्टॉल आहे. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून तीच कढई तिथे आहे. परतताना जो तो म्हणतो, पूर्वीची मजा राहिली नाही. पूर्वीही असंच म्हणायचे.

मी जाते ती काही हौसेने नाही. माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, मेळ्यात हरवलेल्या मुलांचा तंबू सांभाळतात, आणि मी त्यांच्या हाताखाली असते. वर्षभर दातांच्या दवाखान्यात बसणाऱ्या बाईला रडक्या पोरांची काय मातब्बरी? भाऊजींनी नोकरीभर बसस्थानकावर गाड्या पुकारल्या, त्यामुळे आवाज खणखणीत. पण मूल हरवलंय असं ते कधीच पुकारत नाहीत. ते म्हणतात, "एक आईबाबा हरवले आहेत. आईच्या हातात निळी पिशवी आहे, बाबांना मिशी आहे. त्यांची मुलगी तंबूत बसून त्यांची वाट बघते आहे." हे ऐकलं की पोर रडायचं थांबतं, कारण चूक आपली नसून त्यांची आहे हे जाहीर झालेलं असतं. आईबाबा खाली मान घालून धावत येतात. मूल ताब्यात देण्याआधी मी एकच विचारते, "झोपताना काय करतं?" कोणी अंगठा चोखतं, कोणी उशीचं टोक धरून ठेवतं. ते घरच्यांनाच ठाऊक असतं. उत्तर मुलाशी जुळलं की मी म्हणते, "न्या."

तंबूतलं तिसरं माणूस म्हणजे ताई. ती पोरांची नाकं पुसायची आणि वाकून विचारायची, "तुझे आईबाबा कुठे हरवले रे बाळा?" गेल्या दोन वर्षांत तीच सगळं विसरायला लागली. आधी गॅस, मग शेजाऱ्यांची नावं. एकदा घरातून निघाली ती पार दुसऱ्या टोकाच्या लॉन्ड्रीत सापडली, कोणाचे तरी कपडे घड्या घालत. लॉन्ड्रीवाला खूश होता. माझा भाचा, तिचा एकुलता एक मुलगा, नव्हता.

"मावशी, पुन्हा एकदा आई अशी गेली ना, तर मी तिला वृद्धाश्रमात ठेवणार," तो मला म्हणाला. "बाबांना झेपत नाहीये. मी खोलीसुद्धा बघून ठेवलीय."

भाचा वेगळा राहतो, पण वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, मी तोंडभरून भांडले असते. भाऊजी एवढंच म्हणाले की तिला मेळ्याला तरी येऊ दे. तो हो म्हणाला, आणि त्या दिवशी बायको-मुलीला घेऊन स्वतःही आला.

आम्हीही गाफील नव्हतो. गर्दीत चटकन दिसावी म्हणून मी ताईसाठी पिवळाधमक स्वेटर विणला होता. चांगला महिनाभर खपून विणला. नेमकं यंदा मेळा समितीला सुचलं की स्वयंसेवकांना एकसारखे कपडे हवेत. सगळ्यांना जाकिटं वाटली, आणि ती पिवळी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात तो असा.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला एका पोराने तंबूत ओकारी काढली. मी पाणी आणायला गेले, भाऊजी माइकवर होते. मी परत आले तर ताईची खुर्ची रिकामी. बाहेर बघितलं, तर जिकडे तिकडे पिवळं.

भाऊजींचा चेहरा उतरला. "त्याला कळायच्या आत सापडली पाहिजे," एवढंच ते म्हणाले. त्याला, म्हणजे माझ्या भाच्याला.

तेवढ्यात एक गृहस्थ तणतणत आले. "काय हो, स्वच्छतागृह विचारलं तर तुमच्या त्या पिवळ्यातल्या बाईंनी मला भुताच्या घरात पाठवलं!" त्यांच्यामागोमाग एक बाई पाळण्याचं तिकीट मागत तंबूत शिरल्या. त्यांनाही पिवळ्यातल्या बाईंनीच पाठवलं होतं. ताई एकदम कामाला लागली होती.

मी भुताच्या घराकडे पळाले. भूत मुखवटा काढून चहा पीत बसलं होतं. "आत्ताच होत्या इथे," ते म्हणालं. "मला म्हणाल्या, खोकल्याला मध घे. मग त्या मागच्या बाजूला गेल्या." मागच्या बाजूला कुंपण मोडलेलं आहे, आणि कुंपणापलीकडे ट्रकचा रस्ता. मी तिथपर्यंत गेले. ताई नव्हती.

परत येऊन मी म्हणाले, "भाऊजी, आता पुकारा. त्याला कळलं तर कळू दे."

"पुकारतो, पण काय पुकारू?" ते म्हणाले. "एक बाई हरवली आहे म्हणू? आपण हरवलोय असं तिला वाटत तरी आहे का? ती कशाला येईल?"

ते बरोबरच बोलत होते. रस्ता विचारणाऱ्या लोकांनी वेढलेली बाई स्वतःला हरवलेली का समजेल? भाऊजींनी माइक हातात घेतला. मग त्यांनी इतक्या वर्षांत कधीच केलं नव्हतं ते केलं. तंबूत बसलेल्यालाच हरवलेलं म्हटलं.

"एक म्हातारा हरवला आहे," ते म्हणाले. "अंगात राखाडी कोट आहे. वरचं बटण तुटलंय, लावायचं राहून गेलंय. हट्टी आहे. तो तंबूत बसला आहे. त्याच्या घरच्या बाईंनी त्याला येऊन घेऊन जावं."

बाहेर हशा पिकला. हसला नाही तो भाचा. धावत आला आणि दारातूनच म्हणाला, "आई कुठे आहे?" मी रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. त्याने मोबाइल काढला, पण कोणाला लावायचा ते त्याला सुचेना.

एवढ्यात तंबूचा पडदा वर झाला. ताई आली, मागे रस्ता विचारणारी पाच-सहा माणसं. "इथे कोणी म्हातारा आहे का, बटण तुटलेला?" ती म्हणाली. "न्यायला आलेय."

आता सवय वाईट असते. माझ्या तोंडून निघून गेलं, "झोपताना काय करतं?"

"करतंय काय!" ताई म्हणाली. "झोपतंय कुठे ते? मी झोपले का ते बघत बसतं रात्रभर. मग मी डोळे मिटून पडून राहते, झोपल्याचं सोंग घेते. तेव्हा कुठे जरा डोळा लागतो त्याचा."

भाऊजींनी मान खाली घातली, त्या धावत येणाऱ्या आईबाबांसारखी. मला रडू आलं, कारण आम्हाला वाटत होतं हिला काही कळत नाही; आणि ताईचा रागही आला. भाऊजींना झेपत नाही हे तिने सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं. भाचा म्हणत होता तेच. आता तो काय बोलतो, म्हणून मी त्याच्याकडे बघितलं.

तो पोरांच्या बुटक्या खुर्चीत बसला होता, गुडघे छातीशी आलेले. ताई त्याच्यापुढे वाकली आणि पदराने त्याचं नाक पुसलं. "तुझे आईबाबा कुठे हरवले रे बाळा?"

तिने त्याला ओळखलं होतं की नाही, ते आजही मला माहीत नाही. तो म्हणाला, "सापडले." मग वडिलांना म्हणाला, "बाबा, आज मी घरी येतो झोपायला. तुम्ही झोपा, मी जागतो."

"आणि उद्या?" मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही.

"उद्याही येतो. ती खोली राहू दे, मावशी."

तो उठला. एका हाताने आईला धरलं, दुसऱ्याने बापाला, आणि निघाला. मी दारात आडवी झाले.

"असं नाही नेता येत," मी म्हणाले. "आई झोपताना काय करते?"

भाचा थांबला. त्याने ताईकडे बघितलं. "सोंग घेते," तो म्हणाला.

"न्या," मी म्हणाले.