खडी गाडी

इंदूरच्या मराठीत गाडी उभी नसते, खडी असते. 'गाडी कुठे खडी केलीस?' असं आम्ही सर्रास विचारतो आणि पुण्याहून आलेले पाहुणे तोंड लपवून हसतात. त्यांच्या हसण्यावर मी आजवर चिडत आले. त्यापेक्षा त्या शब्दाकडे जरा नीट कान दिला असता तर बरं झालं असतं.

रामभाऊ काका, माझ्या बाबांचे धाकटे भाऊ, पोलिसात ड्रायव्हर होते. बाबा गेल्यावर माझं लग्न त्यांनीच लावून दिलं, त्यामुळे आमच्या घरात त्यांचा शब्द शेवटचा. मी परदेशीपुऱ्यात घरून स्वयंपाकाच्या ऑर्डरी घेते. बारसं, मुंज, डोहाळजेवण, काहीही. भाड्याच्या टेम्पोतून नेलेली आमटी निम्मी तरी पोचेल की नाही, याचा नेम नसे. स्वतःची गाडी असती तर बाहेरगावची कामंही घेता आली असती. काकांच्या कानावर हे गेलं आणि आठवड्याभरात त्यांनी गाडी शोधून आणली. पोलिसातून निवृत्त झालेली, नीलामीत त्यांच्या ओळखीच्या एका शेठनं उचललेली.

"मीटर बघ," काका म्हणाले. "किती कमी चालली आहे! आणि चालणार कुठे? पूरी सर्विस खडीच राहिली ही गाडी. कधी चौराह्यावर खडी, कधी बंगल्यावर खडी. सुरभी, डोळे मिटून घे."

मी डोळे मिटून गाडी घेतली. "एकदा बाहेरच्या मिस्त्रीला दाखवू या का?" असं माझ्या नवऱ्यानं, भूषणनं, हळूच विचारलं, तर मी त्याच्यावर खेकसले. काकांवर भरोसा नाही का तुझा, म्हणून. आजवर साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं त्या गाडीत गेलं.

पहिले काही दिवस नुसती मजा होती. छतावर दिव्याच्या जागी बुजवलेली भोकं होती आणि दारांवर खरवडून काढलेल्या अक्षरांच्या खुणा. सियागंजात तूप-साखर आणायला गेले की हातगाडीवाले लांबूनच आपापली गाडी बाजूला घ्यायचे. एकानं तर मला सॅल्यूट ठोकला, मग आत बाईमाणूस आणि बटाट्यांची पोती बघून शिवी हासडली. भूषणची हसून हसून मुरकुंडी वळली. मला मात्र उगाच रुबाब वाटायचा. भेटेल त्या बाईला मी सांगत सुटले होते, आमच्या काकांनी करून दिली गाडी.

मग सांवेरच्या साखरपुड्याची ऑर्डर आली. बाहेरगावचं माझं पहिलं काम. मुलीच्या आई अरुंधतीताई फोनवर म्हणाल्या होत्या, "हे नीट पार पडलं तर लग्नाचं जेवणही तुमच्याकडेच." मसालेभात, अळूची भाजी, बटाटेवडे, श्रीखंड, सगळं भरून आम्ही निघालो. निम्मा रस्ताही झाला नसेल, इतक्यात बॉनेटमधून धूर यायला लागला. गाडी खोकली, आचके देत थोडी पुढे गेली आणि सोयाबीनच्या शेताशी जी थांबली ती थांबलीच. ऊन तर असं की पत्र्याला हात लावला की चटका बसायचा. अरुंधतीताईंचे फोनवर फोन. पहिल्यांदा त्यांना म्हटलं, पोचतोच. पुढे पुढे फोन उचलायचीच हिंमत होईना.

शेवटी कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पातेली चढवली. आम्ही पोचलो तेव्हा हॉटेलातून पूडी-सब्जी मागवून त्यांनी पंगत उरकलेली होती. श्रीखंड आंबून गेलं होतं. अरुंधतीताई माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त "असू द्या" म्हणाल्या. लग्नाच्या जेवणाचं नाव पुन्हा निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, "दीदी, पूरा इंजन बैठ गया."

"असं कसं? मीटर बघा ना!" मी म्हटलं.

"मीटर पे मत जाओ. पुलिस की थी ना? ये घंटों स्टार्ट खड़ी रही है. साहब अंदर, ए.सी. चालू. चक्के घूमे नहीं, तो मीटर क्या बोलेगा? इंजन तो घिसता रहा."

तेव्हाही माझ्या मनात काय आलं असेल? काकांना हे कळलं तर किती वाईट वाटेल! बिचाऱ्यांच्या लक्षात आलं नसणार. शेठनं त्यांनाही फसवलं असणार. त्यांना हे हळूच, समजुतीनं सांगायचं, असं ठरवून मी त्यांच्या घरी गेले. धन्य माझी!

दार जयेशनं उघडलं. काकांचा हा मुलगा देवासला नोकरीला असतो, सुट्टीवर घरी आला होता. काका आत अंघोळीला गेले होते. गाडीचं सगळं ऐकून तो म्हणाला, "थांब ताई, छतावर तीन भोकं असलेली? पप्पा चालवायचे तीच? ती तर मी मागितली होती, देवासला जायला-यायला. पप्पा म्हणाले, हात नको लावू, तिचं इंजन संपलंय."

काका टॉवेलनं डोकं पुसत बाहेर आले तेव्हा मी अजून तशीच बसले होते.

"काका, ती गाडी तुम्हीच चालवायचात?"

"मग? म्हणून तर गॅरंटीनं सांगितलं."

"तुम्ही म्हणालात, खडी होती."

"खडीच होती," काका शांतपणे म्हणाले. "इंजन बंद होतं, असं मी कुठे म्हणालो? बंदोबस्तात इंजन बंद करतं का कुणी?"

"मग जयेशला का नाही दिलीत?"

जयेश उठून आत निघून गेला. काकांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. आवाज एकदम मायेचा झाला. माझं लग्न ठरवताना असाच असायचा.

"हे बघ बेटा, शेठनं ती माझ्या सांगण्यावरून उचलली होती. ती त्याच्या गळ्यात पडली. कुठेतरी काढायची तर होतीच. बाहेरच्याला दिली असती तर चार माणसं घेऊन त्यानं दारात तमाशा केला असता. तू घरची. तू समजून घेशील, एवढा भरोसा होता मला."

मी समजून घेतलं नाही. मी उठले, बाहेर ओट्यावर आले आणि तोंड सोडलं. श्रीखंड, अरुंधतीताई, जयेश, खडी, जे तोंडात येईल ते सगळं बोलले. बाबांचं नाव घेतलं. मध्येच मला रडू फुटलं. त्याचाही राग आला, म्हणून आणखी मोठ्यानं ओरडले. समोरचा किराणावाला उठून उभा राहिला, दोन-तीन बाया दारात आल्या, एक स्कूटरवाला थांबला. मला वाटलं, आता होऊ देच तमाशा.

काका बाहेर आले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांकडे बघून हसले.

"कुछ नहीं, भिया. घर का मामला है."

किराणावाला लगेच खाली बसला. बाया आत गेल्या. स्कूटरवाल्यानं किक मारली आणि जाता जाता माझ्याकडे बघून म्हणाला, "बड़ों से ऐसे बात नहीं करते, बहनजी."